सगळी मेंढरं एका कळपात
सात रस्त्याजवळ माझं टायपिंगचं दुकान आहे. दर दोन ओळींनी कंट्रोल एस दाबायची मला इतकी सवय की घरी कणीक मळतानाही डावी करंगळी हलते. लाईट कधी जाईल नेम नाही, त्यामुळे आधी सेव्ह, मग चहा. गिऱ्हाइकांनाही मी हे दमात घेऊन सांगते. आणि अशा माझ्याच हातून आमच्या आण्णांचं आयुष्य पुसलं गेलं. तेही सेव्ह करूनच!

आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उभा जन्म मेंढरं वळली. गुडघे गेले तसा कळप चुलत्यांकडे सोपवला, आणि वर्षभर दर रविवारी शुक्रवार पेठेत माझ्या घरी येऊन ते मला सगळं सांगत बसले. कुठली वाट धरायची, पाणी कुठं, कुणाच्या रानात मेंढरं बसवायची. मी लॅपटॉपवर टाईप करायची. अलीकडे त्यांना गावांची नावं आठवेनाशी झाली होती. "आसू दे, तुज्याकडं हाय की," म्हणायचे. जाताना मात्र त्या दिवसाची पानं छापून मागायचे. वाचता एक अक्षर येत नाही, आणि कागद हवा! मी लई चिडवायची.

त्या मंगळवारी दुपारी दुकानात त्याच लॅपटॉपवर आण्णांची फाईल उघडली आणि अक्षर मोठं करायला सगळा मजकूर निवडला. तेवढ्यात फोन वाजला, बोट कुठंतरी पडलं, सवयीनं सेव्ह केलं आणि फाईल बंद केली. पुन्हा उघडते तर आत फक्त एक 'क'. सत्तेचाळीस पानांच्या जागी एकटा क! फाईल बंद केलेली, त्यामुळे मागे फिरायची सोय नाही. दुसऱ्या नावानं प्रत? पेन ड्राइव्ह? छे, ते उपदेश लोकांसाठी. मला जे हसू फुटलं ते थांबेचना. अर्ज टाईप करायला आलेले काका खुर्ची मागे सरकवून उठले. मग मी भडाभडा रडले.

शेवटी आण्णांना फोन लावला. "आण्णा, सगळं गेलं ओ."

"समदं? आगं, समदी मेंढरं एका कळपात ठिवत्यात व्हय? रोग आला म्हंजे? थोडी भावाकडं, थोडी पावण्याकडं ठिवायची आस्त्यात. तुज्या सैपाकघरात ज्वारीच्या डब्याखाली बघ जा."

दुकानाला कुलूप ठोकून घरी पळाले. डब्याखाली पिशवी, पिशवीत निम्मी पानं! वर्षभर मी त्याच डब्यातून ज्वारी काढत होते. बाकीची टेंभुर्णीला आत्याकडे, आण्णांनीच फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं गेले. आत्यानं गोधड्यांच्या घडीतून पानं काढली आणि वर शेंगाचटणी बांधून दिली. परतीच्या एसटीत मी एकटीच खुदुखुदु हसत होते, शेजारची बाई खिडकीकडे सरकली. प्रत्येक पानाचा कोपरा नखानं कातरलेला. माझ्याकडच्यांना एक काप, आत्याकडच्यांना दोन. आपलं मेंढरू ओळखू यावं म्हणून त्याचा कान कातरतात तसाच.

घरी येऊन पानं लावली. सतरावं नाही! आत्याला फोन केला, डब्याखाली पुन्हा बघितलं, पण पान मिळेना. माझं हसू पार आटलं. आण्णांना विचारलं तर म्हणाले, "येतू उद्या."

आले. बंडीच्या आतल्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यातून आठ घड्यांचा कागद. पान सतरा. मी वाटेवर कशी जन्मले, आईनं मला कशात गुंडाळलं, आणि घोडीच्या पाठीवर एका बाजूला मी अन् दुसऱ्या बाजूला त्याच दिवशी जन्मलेलं कोकरू बांधून ते पुढच्या मुक्कामाला कसे चालत गेले, ते सगळं त्यात होतं.

मी ते टाईप केलं, तीन ठिकाणी, तीन नावांनी सेव्ह केलं. कागदाच्या चारी कोपऱ्यांवरून बोट फिरवलं.

"आण्णा, ह्याला खूण करायची राहिली की."

त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, पुन्हा आठ घड्या घातल्या आणि खिशात ठेवला. "दुसऱ्याकडं ठिवायच्या मेंढराला खूण करत्यात, बाय."