फक्त अमेरिकेबद्दल

मुंबई केंद्राच्या ताब्यात द्यायची असं दिल्लीने ठरवलं, त्या उन्हाळ्यात गिरगावातल्या आमच्या चाळीच्या व्याख्यानमालेला पोलिसांनी एका अटीवर परवानगी दिली: संयुक्त महाराष्ट्राचं नाव काढायचं नाही. कमिटीने विषय कळवला, 'अमेरिकेची राज्यघटना'. लेकी बोले सुने लागे, हे आमच्या चाळीला कोणी शिकवायला नको होतं.

ठरलेल्या प्राध्यापकांचा दुपारी निरोप आला, घसा बसलाय. त्या दिवसांत बऱ्याच विद्वानांचे घसे बसले होते. मी बी.ए.ला राज्यशास्त्र घेतलेलं. म्हटलं, मी बोलते.

बाबा भडकले. ते सचिवालयात कारकून, पेन्शन तोंडावर आलेली.

"माझी नोकरी गेली तर खाणार काय? तुझी राज्यघटना?"

"अमेरिकेबद्दल बोलायलाही दिल्लीला विचारायचं का?"

"मग फक्त अमेरिकेबद्दल बोल. आपल्याकडचं एक अक्षर काढायचं नाही. कबूल?"

मी कबूल म्हटलं, पण संतापाने. नुकतीच याच शहरात माणसं गोळ्या खाऊन पडली होती आणि माझे वडील पेन्शन सांभाळत होते. मला त्यांची लाज वाटली, खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी चौक भरला. पहिल्या रांगेत साध्या कपड्यातला पोलीस अधिकारी बसला होता. कमिटीने त्याला चहाही दिला. बाबा मागे, जिन्यापाशी उभे होते.

मी सांगितलं, अमेरिकेत राज्य लहान असो की मोठं, वरच्या सभागृहात प्रत्येकाचे सभासद दोनच. आपल्या कमिटीसारखं. तळमजल्यावर दुकानं सोडली तर बिऱ्हाडं चारच, तरी त्यांचे दोन, आणि खचाखच भरलेल्या तिसऱ्या मजल्याचेही दोन. तळमजल्याने टाळ्या वाजवल्या, तिसऱ्याने नाकं मुरडली.

मग म्हटलं, "आणि तिथे एखाद्या राज्याचा तुकडा काढून नवं राज्य करायचं, तर त्या राज्याच्या विधिमंडळाची संमती लागते. केंद्राला एकट्याला सुरी चालवता येत नाही."

अधिकाऱ्याने कप खाली ठेवला.

"ताई, विषय सोडू नका."

"अमेरिकाच चाललीये की, साहेब!"

लोक हसले. पुढचं वाक्य माझ्या ओठांवर होतं. पण शब्द दिला होता. मी ते वाक्य गिळलं आणि खाली बसले. भयंकर चडफडले मी.

"कोणाला काही शंका?" कमिटीच्या चिटणीसांनी रीतीप्रमाणे विचारलं.

जिन्यापाशी हात वर झाला. बाबांचा. चाळीच्या सभेत जन्मात तोंड न उघडलेला माणूस.

"मला एक विचारायचंय," ते म्हणाले. "राज्याचा तुकडा काढायला आपल्या घटनेत त्या राज्याची संमती लागते का?"

अधिकारी वळला. "आपण नोकरीला कुठे?"

"सचिवालयात," बाबा म्हणाले. "लिहून घ्या हवं तर. पण आधी तिला उत्तर देऊ द्या."

मी उठले.

"नाही," मी म्हणाले. "आपल्याकडे राज्याचं मत विचारतात. संमती लागत नाही."

"मागे ऐकू येत नाही," बाबा म्हणाले. "मोठ्याने सांग."

मी मोठ्याने सांगितलं.