डिलिव्हर झालेलं कानाचं मशीन

कमलबाई घाडींच्या खानावळीत जेवणारा माणूस ताटात घास टाकून उठत नसे. टाकलाच, तर तो जिना उतरेपर्यंत त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होई. परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांपैकी एकीत संसार आणि एकीत खानावळ, असं त्यांनी बरीच वर्षं रेटलं. नवरा गुणाजी गिरणीत साच्यावर होता. कापड विणणारे ते साचे आयुष्यभर कानाशी खडाडत राहिले, आणि गिरणी बंद पडली तेव्हा गुणाजींचे कानही बंद पडत आले होते. आता त्यांना काही सांगायचं म्हणजे कमलबाईंना शेजारच्या घरापर्यंत जाईल असा आवाज काढावा लागे. शेजारीण मालन घाडींच्या घरात आज कालवण कसलं आहे ते भिंतीपलीकडून सांगू शकत असे.

चाळ पाडली गेली तेव्हा बिल्डरने तिच्या जागी पुढे काचेचा टॉवर उभा केला आणि मागे, नाल्याच्या अंगाला, चाळकऱ्यांसाठी एक उंच, अरुंद इमारत. दोन्ही इमारतींना नाव मात्र एकच दिलं, ऑरेलिया. कमलबाईंच्या मते ते नाव एखाद्या खरजेच्या मलमाचं होतं. पुढच्या लोकांबद्दल त्यांचं मतही फारसं वेगळं नव्हतं. कुत्र्याला फिरवायला माणूस ठेवतात आणि स्वतः चालायला जिममध्ये जातात, एवढं पाहिल्यावर आणखी काय पाहायचं?

हॉस्पिटलात गुणाजींचे कान तपासून झाले आणि मशीन घ्यायचं ठरलं, तेव्हा कमलबाई म्हणाल्या, दुकानात जाऊन घेऊ. मुलगा हितेंद्र म्हणाला, "आई, तेच मशीन ॲपवर स्वस्त मिळतंय. घरी येईल. मग हॉस्पिटलात नेऊन सेट करून घ्यायचं."

"कान म्हणजे काय भेंडी आहेत, घरबसल्या मागवायला?"

हितेंद्रने मागवलं. ऑफिसात तो बरीच माणसं सांभाळत असे म्हणे. घरी आईसमोर त्याचं एवढंच चाले, की ऐकून घ्यायचं आणि मनातलं करायचं.

पार्सल यायच्या दिवशी कमलबाई दार उघडं टाकून उंबऱ्याशी कोलंबीचे सोडे निवडत बसल्या होत्या. दुपारी हितेंद्रचा ऑफिसातून फोन आला.

"आई, मिळालं ना पार्सल? डिलिव्हर झाल्याचा मेसेज आलाय."

"कोणाला?"

"आपल्याला. कोणी ओटीपी नाही मागितला?"

"मी सकाळपासून दारात बसलेय. इथून मांजर गेलं तरी माझ्याकडे बघून जातं."

हितेंद्र म्हणाला, वॉचमनला विचार, शेजारी विचार. कमलबाई खाली जाऊन आल्या. वॉचमनने पाहिलं नव्हतं. मालननेही घेतलं नव्हतं, उलट तीच म्हणाली, "वहिनी, माझी पण साडी गेल्या महिन्यात अशीच 'पोचली' हां. अजून पोचतेय."

संध्याकाळी हितेंद्रने कंपनीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. बराच वेळ बासरी वाजल्यावर एक माणूस आला.

"मॅडम, आप का पार्सल डिलिवर हो चुका है."

"किस को?"

"आप को, मॅडम."

"मैं इधर बैठी है. मेरे को मालूम नहीं, तेरे को मालूम है?"

"हमारे पास फोटो है, मॅडम."

"मेरा?"

"दरवाजे का, मॅडम. आप की असुविधा के लिए हमें खेद है." मग त्याने एक तक्रार नंबर दिला, अठ्ठेचाळीस तास थांबायला सांगितलं, पुन्हा एकदा खेद केला आणि फोन ठेवला.

"खेद करायचा पगार देतात याला," कमलबाई म्हणाल्या. "आमच्यात रडायला माणसं फुकट येतात."

सून सीमाने तोवर ॲपमधला तो फोटो शोधून मोठा केला. दारावर १४०४ होतं खरं. पण दाराखाली गुळगुळीत राखाडी दगड होता आणि बाजूला पितळेच्या कुंडीत एक झाड. घाडींच्या १४०४ बाहेर चपलांची मांडणी, मालनची सायकल आणि तुळशीचा डबा होता.

"आई, ही पुढची इमारत आहे," सीमा म्हणाली. "तिकडची चौदाशे चार."

"मग उठ, हितेंद्र. घेऊन ये."

हितेंद्रने मान खाजवली. "असं नाही जाता येत तिकडे. सोडत नाहीत. मी फोटो जोडून मेल टाकतो ना कंपनीला."

"त्या इमारतीच्या पायात आपली खोली गाडलीय आणि तुला तिथे सोडत नाहीत. टाक हो, मेल टाक."

दुसऱ्या दिवशी सकाळी सीमाने फोटो सासूच्या मोबाइलवर पाठवून दिला. कमलबाईंनी ठेवणीतलं पातळ काढलं, चापूनचोपून नेसल्या आणि एकट्याच पुढच्या इमारतीच्या गेटवर जाऊन उभ्या राहिल्या. तिथला गार्ड न बघताच म्हणाला, "मावशी, कामवाल्यांची एंट्री मागून."

"मी मागूनच आले. मागेच राहते. आता पुढून जाणार आहे."

तो आडवा आला तशी त्यांनी खानावळीतला आवाज काढला. लॉबीतल्या काउंटरवरची मुलगी धावत बाहेर आली, फोटो पाहिला आणि वर फोन केला. वरून उत्तर आलं, आमच्याकडे दुसऱ्या कोणाचं काही आलेलं नाही.

"त्यांना म्हणावं, आलेलं नसेल तर मी वर येऊन शोधून देते."

कमलबाई लॉबीतल्या सोफ्यावर बसल्या. सोफा इतका मऊ होता की त्यांना तो माणसाला बसवण्यासाठी आहे की गिळण्यासाठी, हे कळेना. शेवटी लिफ्टमधून तिशीतली एक बाई उतरली. काउंटरवरच्या मुलीने तिला "स्पृहा मॅम" म्हटलं. तिच्या हातात खोका होता आणि खोक्याची चिकटपट्टी फाडलेली होती.

"हे आहे का? मला वाटलं माझे इअरबड्स. उघडलं तर काहीतरी वेगळंच निघालं, म्हणून ठेवून दिलं."

कमलबाईंनी खोका उलटा केला. "गुणाजी विठू घाडी. हे तुझं नाव?"

"अहो, इतकी पार्सलं येतात, नाव कोण बघतं?" स्पृहा म्हणाली. "आणि ॲक्चुअली तुम्ही लोकांनी पत्त्यात रिहॅब बिल्डिंग असं लिहायला हवं. नुसतं ऑरेलिया लिहिलं की कन्फ्युजन होतं."

"लिहीन की. तू पण लिही, पुढची, दुसऱ्याची पार्सलं फोडणारी." कमलबाई उठल्या. "माझ्या घरात एक वाटी जास्त आली तरी ती कोणाची, ते मला कळतं. तुझ्या घरात उद्या माणूस येऊन राहिला तरी तुला पत्ता लागायचा नाही."

स्पृहाचा चेहरा लाल झाला. ती "सॉरी" म्हणाली. कमलबाईंनी नासका नारळ वाण्याला परत करावा तशा नजरेने तिच्याकडे पाहिलं आणि पुढच्याच दाराने बाहेर पडल्या.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण त्याच रात्री जेवताना हितेंद्र मोबाइल नाचवत म्हणाला, "बघ आई! मेलचा परिणाम. कंपनीने चूक मान्य केली. सगळे पैसे परत दिले."

"मग आता कळव, मशीन मिळालं म्हणून."

"कशाला? चूक त्यांची आहे. आपल्याला किती त्रास झाला. एवढी मोठी कंपनी, त्यांना काय फरक पडतो?"

कमलबाईंचा हात ताटातच थांबला. त्यांनी पोराकडे पाहिलं. सकाळी लॉबीत त्यांनी जी नजर वापरली होती, तीच होती ती.

"ती पुढची बाई दुसऱ्याचं घरात ठेवून बसली होती," त्या म्हणाल्या. "तिला निदान ते कोणाचं, हे ठाऊक नव्हतं."

हितेंद्र चिडला. आजकाल जग कसं चालतं ते तुला कळत नाही, म्हणाला. सीमाने भाताचं भांडं उचललं आणि आत नेलं, बाहेर आलीच नाही. गुणाजी ऐकू येत नसल्यामुळे शांतपणे मासा खात होते.

दुसऱ्या दिवशी हितेंद्रने फोन लावला, आईला ऐकू जाईल असा.

"सर, पार्सल नहीं मिला?"

"मिला."

"तो प्रॉब्लेम क्या है, सर?"

"पैसा वापस लेना है."

"रिफंड तो हो गया, सर."

"वही वापस लो ना!"

बासरी वाजू लागली. पार्सल न मिळाल्याचं एक बटण होतं, तुटकं मिळाल्याचं होतं, पैसे परत घ्या म्हणणाऱ्यासाठी कोणी बटण केलेलं नव्हतं. हितेंद्रला तीनदा मेल करावे लागले. अखेर कंपनीने पैसे कापून घेतले आणि आपला अनुभव कसा वाटला, असं विचारलं. हितेंद्रने उत्तर दिलं नाही. आईशीही तो काही दिवस कामापुरतंच बोलला. कमलबाईंनी त्याची पाठ थोपटली नाही. खरं वागल्याबद्दल शाबासकी त्यांनी कधी कोणाला दिली नव्हती.

मग त्या गुणाजींना हॉस्पिटलात घेऊन गेल्या. तिथल्या मुलीने मशीन कानात बसवलं, आवाज लावून दिला आणि बजावलं, "आजी, आता ओरडायचं नाही. हळू बोलायचं."

घरी आल्यावर गुणाजी खाटेवर बसले. पंख्याकडे, नळाकडे, वाजेल त्या प्रत्येक गोष्टीकडे वळून बघत होते. त्या मुलीने सांगितल्याप्रमाणे कमलबाईंनी गावच्या बोलीत हळू विचारलं, "चाय ठेवू?"

गुणाजी त्यांच्याकडे बघतच राहिले.

"काय झाला? ऐकाक येना नाय?"

"येता." ते म्हणाले. "तुझो आवाज म्हातारो झालो गो."

कमलबाई पदर खोचून स्वयंपाकघरात गेल्या, पातेलं चढवलं आणि ओट्याला टेकून नुसत्या उभ्या राहिल्या. पाण्याला उकळी आल्यावर त्यांनी तिथूनच, अगदी खालच्या आवाजात, साखर किती घालू ते विचारलं.

"थोडी घाल," बाहेरून उत्तर आलं.