गिनी पिगचा मुतखडा

खडा झालेली गिनी पिग मुतताना कशी ओरडते, ते मला भिंतीपलीकडूनही ओळखू येतं. भाजीची पिशवी वाजली की ती जी शिट्टी घालते, त्यातला हा आवाज नव्हे. ती पाठ वर काढते, मागचे पाय ताठ करते आणि बारीक, चढत जाणारा एक सूर काढते. तो ऐकला की मी हातातलं काम ठेवते. आधी तिच्याखालचं फडकं बघायचं: गुलाबी डाग आहे का, वाळलेल्या जागी खडूसारखा थर आहे का. मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. दोन मिनिटांचं काम आहे.

बिदरला शिकत होते तेव्हा माझ्या खोलीवरची मैत्रीण तिथल्याच कोळार औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत कामाला होती. ही गिनी पिग तिची. लग्न ठरल्यावर तिनं पिंजरा माझ्या पलंगाखाली सरकवला आणि म्हणाली, "तू शांत आहेस, तुझ्याकडे राहील ती." शिक्षण संपवून मी चिटगुप्प्याला घरी परतले ते पिंजरा मांडीवर घेऊन. इथल्या एका शाळेत मला विज्ञान शिकवायचं काम मिळालं. आई तिला उंदीर म्हणायची. अप्पा म्हणायचे, "उंदीर कसली? चारा खायलीय की. जनावर हाय."

जनावर म्हटल्यावर तिला काय घालायचं हे ठरवणं अप्पांना सोपं गेलं. आमच्या मागच्या गोठ्यात दोन म्हशी आहेत आणि त्यांच्यासाठी विहिरीजवळ लसूणघास लावलेला आहे. सकाळी घास कापला की कोवळ्या शेंड्यांची पहिली मूठ व्यालेल्या म्हशीला द्यायची, हा अप्पांचा नेम. दोन्ही म्हशी आटल्या तेव्हापासून ती मूठ माझ्या गिनी पिगला यायला लागली. ती दोन्ही पायांवर उभी राहून खायची. अप्पा उकिडवे बसून बघायचे. मला ते दृश्य फार आवडायचं, हे कबूल करते.

वर्षभरानं तिच्या फडक्यावर रक्त दिसलं. गावातल्या गुरांच्या डॉक्टरांनी तिला तळहातावर घेतलं, मग अप्पांकडे बघून म्हणाले, "अण्णा, माझी सुई हिच्यापेक्षा मोठी आहे. हैदराबादला न्या." मी एकटीच घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडावर धरला. पोटात एक पांढरा, गोल ठिपका होता, वाटाण्याएवढा.

"खिलाते क्या जी इसको?"

मी सांगितलं.

"रोज?"

"रोज."

त्यांनी ऑपरेशन केलं आणि मग मला समोर बसवून समजावलं. लसूणघासात कॅल्शियम भरपूर. दुभत्या जनावराला तो हवाच, पण हिचं शरीर जादाचं कॅल्शियम लघवीवाटे टाकतं आणि तिथे त्याचा खडा बनतो. नुसत्या खाण्यानंच होतं असं नाही, काहींच्या अंगातच ते असतं. हिच्या अंगात आहे. म्हणून घास बंद, वाळलं गवत भरपूर, पाणी भरपूर. पुन्हा मोठा खडा झाला तर पुन्हा पोट उघडावं लागेल आणि या वयात दुसऱ्या वेळची भूल तिला सोसेल याची खात्री नाही.

शाळेत मी चुनखडीवरचा अख्खा धडा पुस्तकात न बघता शिकवते. पण घरी येऊन अप्पांना ही चार वाक्यं सांगता आली नाहीत. माझं शिक्षण इंग्रजीतलं. घरात मी काहीही समजावून सांगायला लागले की ते वरून बोलल्यासारखं ऐकू येतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. आणि इथे तर सांगायचं हे होतं की, अप्पा, तुमच्या मुठीनं ती आजारी पडली. मी एवढंच म्हटलं, "डॉक्टर म्हणाल्या, वाळलं गवत द्या."

आई म्हणाली, "मुतखड्याला हुलग्याचं कढण द्यावं. तुझ्या अप्पाला मीच दिलते." मी नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा पहिली मूठ घेऊन आले. मी ती हसून घेतली आणि ते वळल्यावर गोठ्यात म्हशीपुढे टाकली. पुढचे चार महिने मी रोज हेच केलं. ही युक्ती मला चांगली जमली असं मला वाटत होतं.

एका शनिवारी शाळा लवकर सुटली. अंगणात पाऊल ठेवलं आणि तो सूर ऐकला. धावत आत गेले तर ती पाठ वर काढून उभी, आणि पिंजऱ्याच्या कोपऱ्यात लसूणघासाच्या हिरव्या काड्या. पिंजऱ्याशेजारी अप्पा उकिडवे बसलेले.

"हे कुणी घातलं?"

"मीच. रोजच घालतो दुपारी, तू शाळेत असतीस तवा."

"रोज?" माझा आवाज मलाच ओळखू येईना. "अप्पा, हिला घास चालत नाही! ह्यानंच खडा होतोय तिला!"

आई दारात आली. अप्पांनी हातातल्या काड्या खाली ठेवल्या नाहीत. "कामून सांगितली न्हाईस?"

"मी वाळलं गवत द्या म्हटलं होतं."

"ते सांगणं झालं व्हय? मला वाटलं, डागदरणीनं पथ्य दिलंय, आठ-पंधरा दिसाचं. मग बगितलं तर तू माझी मूठ म्हशीला टाकायलीस. म्हनलं, पोरीला माझ्या हातचं चालंना आता. तिचा राग माझ्यावर, मुक्या जनावराला कामून उपाशी मारायचं?"

अप्पा वळले ना, हे मी रोज बघत होते, पण तेही मागे वळून बघत असतील हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"राग नव्हता," मी म्हटलं. "तुम्हाला वाईट वाटंल म्हणून."

"आता बरं वाटायलंय व्हय मला?"

आई म्हणाली, "दोघंबी शानेच हाव. मधी ती मरायली."

या वेळी अप्पा माझ्याबरोबर हैदराबादला आले. बसमध्ये पिंजरा त्यांच्याच मांडीवर होता. एक्स-रेत ठिपका होता, पण लहान. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मादी आहे, एवढासा खडा आपोआप पडू शकतो. दुखणं कमी करायचं औषध देऊ, पाणी वाढवा, दहा दिवस बघू. नाही पडला तर पोट उघडावं लागेल. भूल सोसण्याबद्दलचं वाक्य त्यांनी या वेळी पुन्हा सांगितलं नाही. बाहेर आल्यावर मी ते अप्पांना सांगितलं. सगळं सांगितलं: कॅल्शियम, वय, भूल. शेवटी त्यांनी विचारलं, "म्हंजे दूध देणारीला चालतं, हिला न्हाई."

"व्हय."

"एवढंच व्हतं तर."

परत येईपर्यंत त्यांचा विचार झाला होता. बाजारचं वाळलं गवत त्यांना पसंत नव्हतं. चुरा आहे, म्हणाले, उन्हात जाळलंय. शेताच्या बांधावर मारवेल होतं, पातळ पात्याचं, गुरं आवडीनं खातात ते गवत. तुरे यायच्या आधी त्यांनी ते कापलं आणि गोठ्याच्या सावलीत पसरून रोज हातानं उलटं-पालटं केलं. वाळूनही ते हिरवं राहिलं, वासाला गोड. मी ते तिच्यापुढे ठेवलं आणि ती त्यात तोंड खुपसून बसली. अशी ती दुकानातल्या गवतावर कधी बसली नव्हती. माझ्या बाजूचं काम मी केलं: बोअरचं जड पाणी बंद करून गाळलेलं पाणी, काकडीच्या ओल्या चकत्या, ढोबळी मिरचीचा एक तुकडा, आणि दर तीन तासांनी सुई नसलेल्या पिचकारीनं तोंडाच्या कडेनं पाणी. शाळेच्या वेळात पिचकारी अप्पांकडे. पहिल्या दिवशी त्यांनी तिला पाजलं त्यापेक्षा जास्त पाणी स्वतःच्या सदऱ्यावर सांडलं. तिसऱ्या दिवशी मला शिकवायला लागले, "मान धरू नको. तिला वाटलं पाहिजे, आपणच प्यायलोय."

सहा दिवस गेले. ती खात होती, पण सूर थांबला नव्हता. सातव्या दिवशी वजन थोडं उतरलं. आठव्या दिवशी, मी आठवीच्या वर्गात असताना, शिपाई सांगत आला की घरून फोन आहे. अप्पांनी मला शाळेत कधीच फोन केला नव्हता. वर्गापासून फोनपर्यंतची ती वीस-पंचवीस पावलं मी कशी चालले ते मला आठवत नाही.

"पडला," अप्पा म्हणाले.

"काय पडलं?"

"खडा. फडक्यावरच. आधी वरडली लई, मग गप झाली. मी धुतलो न्हाई. वाटीत ठेवलोय. तू येऊन बग."

मागून आईचा आवाज येत होता, "ती आमटीची वाटी हाय म्हनाव!"

मी मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेले आणि अर्धी रजा मागितली. कारण विचारल्यावर खरं कारण सांगितलं. त्या जराशा हसल्या. मी नाही हसले. रजा मिळाली.

वाटीत ज्वारीच्या दाण्याएवढा, खरबरीत, पिवळसर खडा होता. अप्पांनी तो माझ्या तळहातावर ठेवला. मी फडकं बघितलं. कडेला थोडं रक्त होतं, ताजं नव्हतं. आम्ही दोघं तिच्यासमोर बसून राहिलो. अर्ध्या तासानं ती मुतली, पाठ न वाकवता, आवाज न करता, तोंडातलं गवत चावत.

"आता मोकळी झाली?" अप्पांनी विचारलं.

"ह्या वेळंपुरती. पुन्हा व्हऊ शकतोय. हिच्या अंगातच हाय ते."

त्यांनी माझ्या हातातला खडा परत वाटीत टाकला आणि उरलेल्या गवताची पेंढी उचलून बघितली. मग उठता उठता म्हणाले, "मग खालच्या बांधाचंबी मारवेल राखाया पायजे. एका बांधाचं पुरायचं न्हाई."