निघताना कुठे विचारू नये

आमच्या सासूबाईंच्या राज्यात बाहेर पडणाऱ्या माणसाला ‘कुठे चाललास?’ विचारणं म्हणजे मुद्दाम मांजर आडवं सोडणं. काम होत नाही म्हणे. चुकून कोणी विचारलंच, तर जाणाऱ्याने परत आत यायचं, टेकायचं, दोन घोट पाणी प्यायचं आणि मग नव्याने निघायचं. इंग्लंडात, आमच्या मेडनहेडच्या फ्लॅटमध्ये याचा कुणाला त्रास नव्हता. नवरा जाऊन जाऊन जाणार कुठे, ऑफिसला नाहीतर सुपरमार्केटला.

पण एका बँक हॉलिडेच्या जोडसुट्टीत आम्ही डार्टमूरला कॉटेज घेतलं. सासू-सासरे पुण्याहून आलेले. सासऱ्यांनी तरुणपणी सह्याद्रीतले गड पालथे घातलेत, आणि ते कुणाला विसरू देत नाहीत. खिडकीतून ते मैलोन्‌मैल उघडं मूर बघून म्हणाले, यात चढायचं काय, हे तर नुसतं माळरान. नवऱ्याने समजावलं, की इथे पडायची भीती नसते, हरवायची असते. धुकं उतरलं की चारी दिशा सारख्या, आणि हिरवंगार दिसतं तिथेच दलदल. त्याने नकाशा, कंपास, शिट्टी, जादा मोजे, सगळं भरलं. कुठल्या वाटेने जाणार ते मागच्या माणसांना सांगून निघायचं, हा नियमही त्यानेच मला ऐकवला होता.

सकाळी बाप-लेक बूट घालून दारात उभे राहिले आणि मी विचारलं, “कुठून कुठे जाणार आहात?”

झालं. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की बोलायची सोय नाही. बूट काढा, आत या, बसा, पाणी प्या. सासरे लेस सोडता सोडता वैतागले, नवऱ्याचा फ्लास्क लवंडला, आणि त्या गोंधळात उत्तर राहूनच गेलं. हातावर दही ठेवून दोघांना वाटेला लावलं. मी पुन्हा तोंड उघडणार, तर सासूबाईंनी डोळे वटारले. गाडी वळणाआड गेली.

दुपारी धुकं आलं. आधी टेकडी गेली, मग समोरचं कुंपण गेलं. चहाला येतो म्हणाले होते. चहाची वेळ टळली, दिवेलागण झाली, फोन लागेना. शेवटी मी पोलिसांचा ९९९ फिरवला.

पलीकडची बाई शांतपणे विचारत होती. गाडी कुठे लावलीय, कुठल्या वाटेने गेले? मला एकाचंही उत्तर देता येईना. कपडे कोणते म्हटल्यावर सासूबाईंना कंठ फुटला. सासऱ्यांची मरून रंगाची माकडटोपी, आतून दोन स्वेटर, डब्यात मेथीचे पराठे आणि लसणीची चटणी, बीपीची गोळी घेतलेली आहे. मी सगळं इंग्रजीत सांगितलं, चटणीसकट. त्यांच्या पोटात काय आहे ते आम्हाला ठाऊक होतं, ते कुठे आहेत ते नव्हतं.

फोन ठेवला. मला राग इतका आला होता, की सासूबाईंकडे बघवेना. त्या हळूच म्हणाल्या, “मी अडवलं नसतं तर सांगून गेले असते ना गं?”

‘हो’ अगदी जिभेवर होतं. पण त्या काचेला नाक लावून बाहेरच्या धुक्यात बघत होत्या. मी उठले आणि चहाचं आधण ठेवलं.

आधणाला उकळी यायच्या आत फोन वाजला. नवरा एका शेतकऱ्याच्या घरून बोलत होता. धुक्यात वाट सुटली, सासरे हिरव्यागार गवतावर गेले आणि एक पाय गुडघ्यापर्यंत आत. पाय निघाला, बूट नाही. मग एक दगडी कुंपण सापडलं, त्याला हात लावून उतरत राहिले तेव्हा ते घर लागलं. मी आधी पोलिसांना कळवलं आणि मग ढसाढसा रडले.

सासरे आले ते एका पायात बूट आणि दुसऱ्यात शेतकऱ्याचा गमबूट घालून. जेवताना गडांचा विषय निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं तो गमबूट परत करायला निघाले. सासरे सँडल घालून, गमबूट बगलेत. दार उघडलं, आणि मागून सासूबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, “कुठे निघालात?”

सासरे उंबऱ्यातच थिजले. एवढ्या संसारात हा प्रश्न त्यांनी कधी ऐकला नव्हता.

“विचारलंय मी. आता या आत, बसा, पाणी प्या. आणि बसल्या बसल्या सांगा, कुठून जाणार आणि कुठून येणार.”

सासऱ्यांनी गमबूट खाली ठेवला आणि मुकाट्याने पाण्याचा पेला हातात घेतला.