सोमवारचं एरंडेल

बाळंतपणाचे किस्से प्रत्येक नर्सकडे असतात. माझ्याकडे जुलाबाचे आहेत. नोकरीत असताना ते सांगायची सोय नव्हती, म्हणून साठत गेले. आता लग्नाच्या पंगतीत कुणी "सिस्टर, एखादा होऊन जाऊ द्या" म्हणालं की आमचे हे आधी आपलं ताट संपवून घेतात.

सत्तरनंतरची गोष्ट. कारंजाच्या ज्या दवाखान्यात मी होते, तिथे दर मंगळवारी अकोल्याहून डॉक्टर येऊन आतड्याचा फोटो काढायचे. आता दुर्बीण घालतात. तेव्हा खालून पांढरं औषध भरायचं आणि एक्स-रे काढायचा. त्यासाठी आतडं घासलेल्या तांब्यासारखं स्वच्छ लागे. रविवारपासून नुसतं पातळ, सोमवारी दुपारी एरंडेल, मंगळवारी सकाळी साबणाच्या पाण्याचा एनिमा. आत मळ राहिला तर फोटोत तो गाठीसारखाच दिसतो. मग पेशंट परत पुढच्या मंगळवारी. आणि आत खरंच गाठ असली तर ती काही आठ दिवस थांबत नाही.

चार खाटा, एक संडास आणि किसनमामा, एवढा आमचा सरंजाम. मामा पन्नाशीचे, हुद्दा मात्र वॉर्डबॉय. नव्या पेशंटला पहिल्यांदा भेटले की सांगायचे, "पोट तुमचं, जबाबदारी माही. पण मी सांगतो तसंच वागा लागीन." डॉक्टरांपेक्षा लोक त्यांना जास्त घाबरत, आणि ते बरंच होतं.

*

आमच्या वऱ्हाडातल्या मालेगावकडचा एक शेतकरी. दुपारी तीनला तेल दिलं. त्यानं विचारलं, "किती वेळ लागते?" मी म्हटलं, "तीन-चार तास."

पाच वाजता खाट रिकामी! घरी म्हैस व्यायला झाली होती. तीन-चार तास हाताशी आहेत, तेवढ्यात घर गाठून तिला पाहू आणि सकाळच्या गाडीनं परत येऊ, असा त्याचा हिशेब. बसला एसटीत.

सकाळी आला खरा. फोटोही त्या वर्षातला सगळ्यात स्वच्छ आला. जाताना गाडी तीनदा थांबवली म्हणाला, आणि चौथ्यांदा ड्रायव्हरनं आपणहून थांबवली. तेव्हापासून त्या गाडीचा कंडक्टर आमच्या दवाखान्यासमोर चढणाऱ्या प्रत्येकाला आधी विचारायचा, "एरंडेल पेले काय? मंग दरवाज्यापाशी बसा."

*

मानोऱ्याकडची एक आजी होती. दोन दिवस नुसत्या वरणाच्या पाण्यावर राहिली, कुरकूर नाही. आमची आदर्श पेशंट. मंगळवारी फोटो काढला तर आतडं जागोजागी भरलेलं. डॉक्टर माझ्यावर उखडले.

मामा आजीच्या खाटेशी जाऊन बसले. "आजी, काय खाल्लं?"

"काहीच नाही बाप्पा."

"खरं सांगा."

"खोटं कायले बोलू? बहीण पोहरादेवीहून आली, परसाद तेवढा घेतला. परसाद काय खाणं होते?"

"किती घेतला?"

"तिच्या गावच्या सात घरचा होता. कोणाचा नाही म्हनू?"

मामांनी त्या दिवसापासून नियम केला. प्रसाद आला की उशाशी ठेवायचा. म्हणायचे, "देव आठ दिवस थांबते. गाठ नाही थांबत."

*

एक कोर्टातले कारकून होते. आता 'पाणी स्वच्छ यायला लागलं' हे पेशंटच्या तोंडच्या शब्दावर ठेवून चालत नाही. मामा स्वतः पाहायचे, त्यासाठी वेगळी बादलीच होती. कारकुनांना त्याची भयंकर लाज. "मी सरकारी माणूस आहे," म्हणाले, "लेखी देतो."

"कागद नको साहेब," मामा म्हणाले. "बादली दाखवा."

*

व्याह्यांचा किस्सा तर माझ्या पाठीमागेच घडला.

पेशंटबरोबर त्याचा जावई किंवा भाऊ येतो. याच्याबरोबर लेकीचे सासरे आले. मी पूर्ण डोस ग्लासात ओतून दिला आणि शेजारच्या खाटेवरची नाडी पाहायला वळले. आमच्या वऱ्हाडात व्याही समोर बसलेला असताना एकट्यानं काही तोंडाला लावणं म्हणजे सोयरीक मोडायचीच तयारी. मग ते औषध का असेना.

मागून कुजबुज ऐकू आली. "घ्या ना."

"नाही नाही, तुमचं होय ते."

"असं कसं? आधी तुमी. मान तुमचा."

मी वळले तेव्हा दोघंही उपरण्यानं तोंड पुसत होते. निम्मं-निम्मं झालं होतं!

संध्याकाळी दोघं एकदमच संडासाच्या दाराशी पोचले. तिथेही मान व्याह्यांचाच. ते आत गेले आणि आमचा पेशंट मागच्या बाभळीकडे पळाला. मामांनी मला विचारलं, "सिस्टर, उद्या फोटो कोणाचा काढाचा?"

*

हा किस्सा हसण्याचा नाही, पण मामा स्वतः हसून सांगायचे, म्हणून मीही सांगते.

एका गावचे पाटील आले. पोटात दुखायचं, बारीक झाले होते. तेल घ्यायला त्यांनी घरून स्वतःचा पितळी गिलास आणला होता. आमच्या वॉर्डातला जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, ग्लास त्यांना चालत नव्हता, कारण तो मामा धुवायचे. मामांच्या घराण्यानं छप्पन साली बुद्धाची दीक्षा घेतली, तेव्हा मामा तरणेबांड होते. पाटलांच्या लेखी मात्र काही बदललेलं नव्हतं. ते त्यांना 'किसन्या' म्हणायचे.

मंगळवारी सकाळी एनिमाची नळी घेऊन मामा उभे राहिले तर पाटील म्हणाले, "दुसरं कोणी नाही काय?"

मामांचा आवाजसुद्धा चढला नाही. म्हणाले, "पाटील, माह्या हातचं पाणी तुमच्या तोंडाले चालत नाही, मले माहीत आहे. हे तोंडानं नाही घ्याचं. फिरा तिकडं."

पाटील फिरले. फोटो लख्ख आला आणि त्यात सुपारीएवढी गाठ दिसली. नागपूरला वेळेवर ऑपरेशन झालं, माणूस वाचला. पुढं बाजाराला आले की ते दवाखान्यात डोकावायचे. दारातूनच विचारायचे, "किसन कुठं आहे?" शेवटचा 'या' गेला होता.

*

चार वर्षांनी मामाच वाळायला लागले. शौचातून रक्त पडत होतं आणि दोन महिने त्यांनी ते लपवलं. जगाच्या बादल्या तपासणारा माणूस! मामींनी मला सांगितलं तेव्हा मला राग आला आणि रडूही आलं. मी त्यांना चांगलं झापलं, मंगळवारचा नंबर लावला आणि सोमवारी तीन वाजता जर्मनचा ग्लास भरून पुढे ठेवला.

मामा खाटेवर बसून राहिले. "नाही पेत मी, सिस्टर."

"काहून?"

"लोकाईचे लय फोटो पाह्यले मी. माहा नाही पाहाचा मले."

मी समजावलं, रागावले. मामी रडल्या. चार वाजले तरी ग्लास तसाच. पुढचा मंगळवार म्हणजे आणखी आठ दिवस, आणि ते आठ दिवस काय करतात हे त्या खोलीत मामांइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

तेवढ्यात पाटील आले. मी त्यांना बाहेरच काय ते सांगितलं. ते आत गेले, ग्लास उचलला आणि अर्धं तेल एका घोटात पिऊन टाकलं. मग तोच ग्लास मामांपुढे धरला. "घे किसनराव. राह्यलेलं तुहं."

मामांनी ग्लासाकडे पाहिलं, पाटलांकडे पाहिलं, आणि तोंड वाकडं न करता पिऊन टाकलं. कमी पडलेला डोस मी लगेच पुन्हा ओतून दिला, तोही प्यायले.

मी पाटलांवर ओरडले, "अहो, फोटो त्यांचा आहे!"

"माहीत आहे मले," ते म्हणाले. "पण हे एकट्यानं पेववत नाही, सिस्टर."

मंगळवारचा फोटो कसा आला ते आधीच सांगून टाकते. गाठ नव्हती. जखम होती, ती औषधानं भरली, आणि मामा पेन्शनीत निघेपर्यंत बादल्या पाहत राहिले. पण मला सांगायची आहे ती सोमवारची संध्याकाळ.

सहाच्या सुमारास दोघं एकदमच संडासाच्या दाराशी पोचले.

"पाटील, आधी तुमी."

"नाही, तू जाय. तुहा फोटो आहे."

"तुमी पाहुणे."

"जाय म्हणतो ना!" पाटलांनी मामांना आत ढकललं, दार ओढून घेतलं आणि एक हात भिंतीला, एक पोटाला लावून उभे राहिले.

तीन नंबरच्या खाटेवर त्याच दिवशी नवीन पेशंट आला होता. त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन तिथून चालली होती. ती थबकली, बंद दाराकडे आणि पाटलांकडे कौतुकानं पाहिलं आणि म्हणाली, "काहो भाऊ, तुमी दोघं व्याही-व्याही होय काय?"

"नाही ना बाई," पाटील दात आवळून म्हणाले. "व्याही असतो तं आंदर मी असतो."