हे कशासाठी, असं विचारणाऱ्या कुंदाताई

सुहासचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. "मावशी, आई गेली..." एवढं बोलून तो थांबला. मग घाबऱ्या आवाजात म्हणाला, "आणि हे लोक सांगतायत, उरलेलं बिल भरल्याशिवाय बॉडी देणार नाही." मेडिक्लेमची रक्कम संपली होती. मला रडूही येईना, इतका संताप आला. म्हटलं, "त्यांना म्हणावं, हे लिहून द्या. बिलासाठी असं अडवता येत नाही. तुझ्या आईनंच शिकवलंय आम्हाला." त्यानं लिहून मागितलं. लिहून कोणी दिलं नाही, पण संध्याकाळच्या आत कुंदाताई डोंबिवलीला आल्या. ज्या घरी परतायला इतके दिवस धडपडत होत्या, तिथे अशा आल्या.

कुंदाताई माझ्या शेजारच्या. पोस्टात काउंटरवर नोकरी केलेल्या. यजमानांच्या आजारपणात हॉस्पिटलच्या बिलांनी त्या चांगल्याच पोळल्या होत्या, आणि तेव्हापासून आमच्या बिल्डिंगमध्ये कोणाला ॲडमिट करायचं झालं की नातेवाइकांच्या आधी कुंदाताईंना हाक जायची. तळमजल्यावरच्या नाईकांचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं तेव्हा हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या मुलीनं पहिलाच प्रश्न विचारला, "मेडिक्लेम आहे का?" नाईक खिशातून कार्ड काढायला गेले, तर कुंदाताईंनी त्यांच्या हातावर चापटच मारली. "आधी खर्च सांगा. मेडिक्लेम आहे की नाही, ते मग बघू." नाईक अजून त्या चापटीबद्दल कुरकुरतात. न उघडलेली औषधं, हातमोज्यांची खोकी त्या एका कापडी पिशवीत जमवायच्या आणि हॉस्पिटलच्याच मेडिकलमध्ये परत करायला जायच्या. "परत घेत नाही, आजी." "मग वापरलं कोणावर, ते सांगा." घेतली परत. तपशीलवार बिल रोजच्या रोज मागायच्या. मागे रांग ताटकळलेली, आणि या आपल्या चष्मा पुसून पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचतायत... माझी तर चिडचिड व्हायची. डॉक्टरांशी मात्र त्या कधी भांडल्या नाहीत. प्रत्येक तपासणीला, प्रत्येक औषधाला त्यांचा एकच प्रश्न असायचा, "हे कशासाठी?" चांगले डॉक्टर नीट समजावून सांगायचे. काही नुसतेच चिडायचे.

मग त्याच आजारी पडल्या. ताप, खोकला, धाप. सुहास कोलशेतला राहतो, त्यामुळे त्यानं ठाण्यातल्या, त्याच्या घराजवळच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं ठरवलं. मी गाडीत सोबत होते. न्यूमोनिया निघाला. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या कुंदाताई त्याची बाही ओढत होत्या, पण त्यानं काउंटरवर कार्ड ठेवलंसुद्धा. "पैशांकडे बघू नका. आईला काही कमी पडू देऊ नका." आपल्याकडे मुलानं हे म्हणायचंच असतं. नाही म्हटलं तर चारचौघांत त्याची शोभा होते, आणि त्याचं स्वतःचं मन खातं ते वेगळंच. सुहासचं आईवर फार प्रेम. ते त्यानं त्याला येत होतं त्या भाषेत सांगितलं.

औषधांनी ताप उतरला. मी भेटायला गेले तर कुंदाताई वाटीभर खिचडी खाऊन, वेणी घालून, कपडे पिशवीत भरून बसलेल्या. "उद्या सोडतील," म्हणाल्या. तो उद्या काही येईना. आणखी एक स्कॅन, आणखी रक्त, आणखी एक नवे डॉक्टर, जे दारातूनच "काय आजी, बरं आहे ना?" विचारून गेले. सुहास आला तशा त्या म्हणाल्या, "अरे, मला इथे कशासाठी ठेवलंय, विचार ना त्यांना."

"आई, तू पैशांची काळजी करू नकोस. मेडिक्लेम आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सुहासनं मला बाहेर पॅसेजमध्ये नेलं. "मावशी, प्लीज. आपण इथे वाद घालायचा, आणि त्यांनी तो राग तिच्यावर काढला तर? पेशंट त्यांच्या ताब्यात आहे." त्याची भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. आपली माणसं आत असतात आणि आपण बाहेर, त्यामुळे भलेभले गप्प बसतात. पुढे तिथेच त्यांना दुसरा संसर्ग झाला. डॉक्टरांनीच तसं सांगितलं. मग आयसीयू, नळ्या, आणि काचेतून पाहणं. ताप उतरला त्या दिवशीच घरी आणलं असतं तर वाचल्या असत्या का? मला माहीत नाही. कोणी खात्रीनं सांगेल असंही वाटत नाही, आणि मला त्याचाच जास्त त्रास होतो.

परवा सुहास घर आवरायला आला होता. खिडकीजवळच्या पलंगावर आईच्या साड्या काढून एकेक घडी घालत होता. मी चहा घेऊन गेले. साडी हातात तशीच धरून तो म्हणाला, "मावशी... आई पैशांची काळजी करतच नव्हती, हो ना?"

मी साडीचं दुसरं टोक हातात घेतलं. "नाही रे," म्हटलं. "त्यांना फक्त घरी यायचं होतं."