काका येऊन गेले होते

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मिळून टोकावड्याच्या काकांइतका हळू लिहिणारा माणूस दुसरा झाला नाही, आणि आता होण्याची शक्यताही उरलेली नाही. आमची शहापुरातली जनसंपर्काची कचेरी म्हणजे हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. गोदामवाले, शाळावाले, पतपेढ्या, ठेकेदार यांची निवेदनं, निमंत्रणं, आभाराची, दुखवट्याची आणि माफीची पत्रं आम्ही लिहून देतो. त्यातलं सगळं मराठी काकांकडे असायचं. ते माझे नात्याने कोणी नव्हेत. टोकावड्याहून मुरबाड आणि मुरबाडहून शहापूर अशा दोन एसट्या बदलून यायचे, म्हणून टोकावड्याचे काका. सहा ओळींच्या पत्राला त्यांना चार दिवस लागत, आणि त्यातले तीन दिवस ते कचेरीत नसतच.

कारण त्यांचा नियमच होता, ज्याला पत्र जायचं त्याचं दार पाहिल्याशिवाय मायना लिहायचा नाही. एका गोदामाची भिंत बांधताना खर्डीकडच्या एका शेतकऱ्याची पायवाट बंद झाली, तेव्हा काका त्याच्याकडे गेले, नव्या लांबच्या वाटेने त्याच्याबरोबर दोनदा चालले, त्याच्याकडेच जेवले आणि येताना भोपळा घेऊन आले. पत्रात लिहिलं, "मी तुमच्याबरोबर चाललो. वाट खरंच लांब पडते." हे कंपनीचं पत्र आहे की सोयरिकीचं, असं आमच्या साहेबांनी विचारलं, पण त्या शेतकऱ्याने तक्रार मागे घेतल्यामुळे साहेबांना पुढे काही बोलता आलं नाही. एका पतपेढीच्या नव्या शाखेच्या निमंत्रणात काकांनी तळाशी परतीच्या शेवटच्या एसटीची वेळ छापली, आणि अध्यक्षांचं भाषण ऐन रंगात आलेलं असताना अर्धा मांडव उठून स्टँडकडे चालता झाला. लिहून झालेलं पत्र ते खाली दुकानात जाऊन मोठ्याने वाचत. खिळे घ्यायला आलेलं गिऱ्हाईक ऐकता ऐकता खिळे मोजायचं विसरलं तर पत्र पास, नाहीतर पुन्हा वर. मी नवीन असताना एका मसुद्यात 'अत्यंत खेदपूर्वक' असं लिहिलं होतं. काकांनी चष्मा काढला आणि अगदी डॉक्टरांसारखं विचारलं, "खेद नक्की कुठं दुखतो गो?" मी तो शब्द पुन्हा कधी लिहिला नाही. पत्र लिहायला मला त्यांनीच शिकवलं, हे इथेच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं सांगताना मला लपायला जागा राहणार नाही.

दोन वर्षांपूर्वी साहेबांनी कचेरीत एआय आणलं. इंग्रजी ते झकास लिहायचं, पण त्याचं मराठी म्हणजे सरकारी परिपत्रक. साहेबांनी मला बोलावून सांगितलं की काकांची सगळी जुनी पत्रं त्याला वाचायला दे, मग ते त्यांच्यासारखं लिहील. काकांच्या चौदा फायली होत्या आणि अक्षर असं की ते त्यांनाच लागायचं. मी त्यांना म्हटलं, तुमची पत्रं जपून ठेवायची आहेत. ते खोटं नव्हतं, अर्धं होतं. काकांना इतका आनंद झाला की पुढचा महिनाभर ते माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. एकेक ओळ वाचून दाखवायची, अमका शब्द का खोडला ते सांगायचं, तो माणूस कसा होता, त्याच्या घरचं कुत्रं कसं होतं, तेही सांगायचं. मी टाइप करत गेले. शेवटची फाईल संपली त्या दिवशी त्यांनी घरून तांदळाच्या फेण्या तळून आणल्या आणि सगळ्यांना वाटल्या.

पंधरवड्यातच ते यंत्र हुबेहूब काकांसारखं लिहायला लागलं, आणि तेही खालून चहा येईपर्यंत. साहेबांनी काकांना सांगितलं, आता रोज एवढी दगदग करू नका, गरज लागली की बोलावू. काका बरं म्हणाले. छत्री घेऊन जिन्याशी जरा थांबले. मी स्क्रीनकडे बघत राहिले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात केबल टाकणाऱ्या एका ठेकेदाराच्या जेसीबीने उंबरमाळीजवळच्या एका पाड्यावर एका म्हातारीच्या अंगणातला फणस मुळापासून पाडला. तिच्या सासूने लावलेलं झाड, फळांनी लगडलेलं. पाड्यावरच्या लोकांनी काम अडवलं. भरपाईचं ठेकेदार बघणार होता, माफीचं पत्र आमच्याकडे आलं. मी यंत्राला चार ओळी सांगितल्या आणि त्याने पत्र लिहिलं. इतकं सुरेख की माझेच डोळे भरून आले. त्यात असं होतं: "आमचा माणूस तुमच्या अंगणात येऊन गेला. तुम्ही रानात गेला होतात. तो रिकाम्या जागेपाशी थोडा वेळ उभा राहिला." तिथे कोणीही गेलं नव्हतं. काकांच्या प्रत्येक पत्रात अशी भेट असायची, म्हणून यंत्राने ती याही पत्रात घातली होती. मला ते कळलं होतं. वाक्यं चांगली वाटली म्हणून मी ती ठेवली.

म्हातारीला वाचता येत नव्हतं, त्यामुळे पत्र वाचून दाखवायला मीच गेले. ती ओटीवर पाय लांब करून बसली होती. पायाला पट्टी. तिने सगळं शांतपणे ऐकलं आणि मग विचारलं, "कवा आलेला तो? मी त कुठं गेलेच नाय. झाड पडायच्या आधीपासून पाय मोडून हितंच बसलेय."

भोवती पाच-सहा माणसं उभी होती. चुकून लिहिलं गेलं, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण मी म्हटलं, आमचे काका आले होते, टोकावड्याचे, तुमचा डोळा लागला असेल.

तिने हे लगेच खरं मानलं. तिचा चेहराच उतरला. "दारात माणूस येऊन उभा ऱ्हायला, नि मी पाणी नाय विचारलं," ती म्हणाली. आणि मग माफी मागायला गेलेल्या माझ्याकडे तिनेच काकांसाठी माफीचा निरोप दिला. पडलेल्या झाडाच्या फणसांतल्या आठळ्या तिने वाळवून ठेवल्या होत्या, त्यातल्या ओंजळभर फडक्यात बांधून दिल्या. त्यांना नक्की पोचव, म्हणाली.

त्या आठळ्या टाकायचं धाडस मला झालं नाही आणि पोचवायचंही. शेवटी आठ दिवसांनी त्या घेऊन एसटीने टोकावड्याला गेले. काका बांधावर गवत काढत होते. मी सगळं सांगितलं, फायलींचंही. ते रागावतील म्हणून मी तयारीने गेले होते. ते आठळ्या हातात घेऊन बांधावरच बसले आणि म्हणाले, "उद्या जाऊ आपण. उशिरानं का व्हईना, मी तिच्या दारात जाऊन येतो."

दुसऱ्या दिवशी ओटीसमोर उभं राहून काकांनी तिला सांगितलं, "बाय, त्या दिवशी मी आलोच नव्हतो. आमच्या कचेरीतून चुकीचं लिवलं गेलं. आज आलोय." कचेरीतून काढल्याला वर्ष होत आलं होतं, तरी ते 'आमच्या' म्हणाले. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. पण म्हातारीने माझ्याकडे वळून पाहिलं आणि आवाज न चढवता विचारलं, "तुला त्या दिवशी सांगाया काय झालेलं गो?"

तिने नातीला पाणी आणायला सांगितलं, आधी काकांना दिलं, मग मलाही. काका झाड होतं त्या खड्ड्याकडे गेले आणि ती बसल्या जागेवरून त्यांना कुठली फांदी कुठवर होती ते दाखवत राहिली. दुपार झाली तरी दोघांचं संपेना. मी तांब्या हातात घेऊन उभी होते.

नोकरी मी सोडली नाही, हेही सांगायला हवं. पत्रं यंत्रच लिहितं. काकांची ती न झालेली भेट कुठल्या पत्रात डोकावली की मी खोडते, एवढाच माझ्यात फरक पडला. लोक फोन करून सांगतात की पत्र फार मनापासून लिहिलंत. मी आभार मानते.

परवा मुरबाडच्या स्टँडवर काका भेटले. थकलेत, आता ऐकूही कमी येतं. माझ्या मुलीची चौकशी केली, मग विचारलं, "ते यंत्र कसं लिवतं आता?"

"कधी कधी अगदी तुमच्यासारखं," मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हटलं.

मला वाटलं, त्यांना लागेल. पण ते खुलले, पोरासारखे हसले, आणि शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला माझ्याकडे बोट दाखवून सांगू लागले की ही शहापूरच्या कचेरीत असते, तिथं माझ्यासारखं लिवतात अजून. तो माणूस माझ्याकडे कौतुकाने बघत होता. टोकावड्याची गाडी लागली. काकांना हात धरून मी वर चढवलं, आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभी राहिले.